मन संगणकात गेले, तर माणूस कुठे?

वाचनासाठी : उत्पत्ती २:७, लूक २४:३६-४३, १ करिंथ १५:३५-४९



दृढीकरणाच्या वर्गातील मुले हल्ली जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे जुन्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत सापडत नाहीत. "माणसाचे मन संगणकात उतरवता आले, तर तो माणूस मरणार कधी? आणि मेलाच नाही, तर त्याचे पुनरुत्थान कसे होणार?" हा त्यांपैकीच एक. वर्गात हशा पिकतो खरा, परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विद्यापीठांतील काही विद्वान, काही धनाढ्य उद्योजक आणि अनेक कादंबरीकार गेली काही दशके याच गोष्टीचा गांभीर्याने विचार करीत आले आहेत. शिवाय या प्रश्नाच्या पोटात आपल्या घरचा एक प्रश्न दडलेला आहे. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण देहाच्या पुनरुत्थानावर श्रद्धा प्रकट करतो. ते शब्द उच्चारताना आपल्याला नक्की काय म्हणायचे असते?

आधी ही कल्पना समजून घेऊ. मग तिच्याशी वाद घालू.

सैबेरियाच्या जमिनीखालची नगरी

ग्रेग ईगन हे ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरचे लेखक. त्यांची 'डायस्पोरा' नावाची इंग्रजी कादंबरी १९९७ साली प्रसिद्ध झाली. कथा सुरू होते २९७५ साली. मनुष्यजात तीन वाटांनी गेलेली आहे. काही जण अजून हाडामांसाचेच आहेत. काही जण यंत्रमानवाच्या शरीरात राहतात. आणि पुष्कळसे लोक शरीर सोडून 'पोलिस' नावाच्या नगरांत राहतात. पोलिस म्हणजे आपल्या चौकीतले पोलीस नव्हेत! नगर या अर्थाचा हा ग्रीक शब्द आहे. अशी एक नगरी, कोनिशी, सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीखाली खोल पुरलेली आहे. बाहेरून पाहावे तर केवळ एक यंत्र. आत मात्र असंख्य नागरिक जगत आहेत, गणित करीत आहेत, चित्रे काढीत आहेत, भांडत आहेत, मैत्री करीत आहेत. त्यांना भूक नाही, म्हातारपण नाही, दुखणे नाही. त्यांचे मन म्हणजेच चालू असलेले सॉफ्टवेअर. त्यांचा विचार आपल्यापेक्षा शेकडोपट वेगाने धावतो.

कादंबरीचे मुख्य पात्र यातिमा. त्याला आई नाही, वडील नाहीत. नगरीच्या यंत्रणेने एका 'मनाच्या बीजा'पासून ते मूल घडवले. यातिमा हा शब्दच मुळी 'अनाथ' या अर्थाच्या अरबी शब्दाशी जुळणारा आहे. 'यतीम' आपल्याकडेही हिंदी-उर्दूत ऐकू येतो.

पुढे एक भयंकर गोष्ट घडते. दूरच्या आकाशात दोन मृत ताऱ्यांची टक्कर होणार आणि तिच्यातून निघणारे किरण पृथ्वीचे वातावरण जाळून टाकणार, हे नगरीला कळते. जमिनीखालचे नागरिक सुरक्षित आहेत. वर राहणारे हाडामांसाचे लोक मात्र वाचणार नाहीत. तेव्हा यातिमा आणि त्याचा एक मित्र यंत्राची शरीरे घेऊन वर येतात आणि दारोदार सांगतात, "काही दिवसांत हे सारे संपणार आहे. आमच्याबरोबर चला. तुमचे मन आम्ही आमच्या नगरीत घेऊन जाऊ." अनेकांचा त्यांच्यावर विश्वासच बसत नाही. आपल्याला शरीर सोडायला लावण्याचा हा डाव आहे, असे त्यांना वाटते.

हा प्रसंग नोहाची आठवण करून देतो. फरक इतकाच, की नोहाच्या तारवात माणसे आणि जनावरे सदेह चढली होती.

कल्पना आली कुठून?

हे केवळ कादंबरीकाराच्या डोक्यातून निघालेले नाही. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात यंत्रमानवांवर संशोधन करणारे हान्स मोरावेक यांनी १९८८ साली एका पुस्तकात अशा शस्त्रक्रियेचे वर्णन केले. यंत्र-शल्यविशारद जाग्या माणसाच्या मेंदूचा एकेक थर वाचत जातो, त्या थराचे काम संगणकावर सुरू करतो आणि मूळ थर काढून टाकतो. शेवटी कवटी रिकामी होते, आणि माणूस दुसरीकडे 'जागा' होतो. वाचताना अंगावर काटा येतो. लेखकाने मात्र ते आशेने लिहिले आहे.

त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, मॉस्कोच्या एका ग्रंथालयात काम करणारे निकोलाय फ्योदोरोव्ह नावाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती विचारवंत होते. ते १९०३ साली वारले. मरण पावलेल्या सर्व पूर्वजांना विज्ञानाच्या साहाय्याने पुन्हा उठवणे हेच मानवजातीचे सामायिक कर्तव्य आहे, असे ते म्हणत. त्यांची शिकवण ख्रिस्तसभेला मान्य होण्यासारखी नाही. कारण पुनरुत्थान हे देवाचे दान आहे, माणसाच्या कारखान्यातील उत्पादन नव्हे. तरीही त्यांची एक गोष्ट मनाला भावते. 'मी मरू नये' हे त्यांचे मागणे नव्हते. 'माझे वाडवडील परत यावेत' हे होते.

आजच्या काळातील रे कर्झवाइल यांच्याबाबतीतही तसेच काहीसे दिसते. माणसाची आणि यंत्राची बुद्धी २०४५ च्या सुमारास एकरूप होईल, असे भाकीत या अमेरिकन संशोधकाने २००५ च्या आपल्या ग्रंथात केले. त्यांच्या भाकितांची टिंगल करणारे पुष्कळ आहेत. परंतु त्यांचे वडील, जे संगीतकार होते, ते १९७० साली वारले, आणि मुलाने वडिलांची पत्रे आणि कागदपत्रे खोकी भरभरून जपून ठेवली. वडिलांच्या लिखाणावरून त्यांच्यासारखे बोलणारे सॉफ्टवेअरही त्यांनी तयार करवून घेतले. त्यांच्या मुलीने यावर २०२३ साली एक चित्रमय पुस्तक काढले. या साऱ्या तंत्रज्ञानाच्या मुळाशी बऱ्याचदा घमेंड नसते, एक न सुकलेला अश्रू असतो. हे ध्यानात ठेवले, तर आपण या लोकांना चटकन नावे ठेवणार नाही.

विज्ञान कुठवर पोहोचले?

अजून फार दूर. एक मिलिमीटर लांबीचा एक जंत आहे; त्याच्या साऱ्या शरीरात मज्जापेशी अवघ्या ३०२. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ सालीच प्रसिद्ध झाला. तरीही त्या जंताचे सारे वागणे संगणकात हुबेहूब उतरवणे आजवर कोणाला जमलेले नाही. नकाशा हाती असणे वेगळे आणि गावात नांदणे वेगळे.

२०२४ साली फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा पुरा झाला. त्यात सुमारे १ लाख ३९ हजार मज्जापेशी आणि ५ कोटींहून अधिक जोडण्या आहेत. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठ आणि गूगल यांच्या संशोधकांनी मानवी मेंदूच्या एका कणाचा नकाशा मांडला. तो कण होता फक्त एक घन मिलिमीटर, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. त्याचे सुमारे ५,००० पापुद्रे कापावे लागले. त्यात ५७ हजार पेशी आणि १५ कोटी जोडण्या सापडल्या, आणि ती माहिती साठवायला १,४०० टेराबाइट जागा लागली. माणसाच्या मेंदूत असे १० लाखांहून अधिक कण असतात आणि मज्जापेशी सुमारे ८,६०० कोटी.

म्हणून कोणी आज पैसे घेऊन 'तुमचे मन जतन करून ठेवतो' असे सांगू लागला, तर खिसा सांभाळावा. पण 'अजून जमत नाही' हे 'कधीच जमणार नाही' याचे प्रमाण नव्हे. श्रद्धेचा पाया विज्ञानाच्या अपयशावर घालू नये. विज्ञान पुढे सरकले की तो पाया ढासळतो. तेव्हा वादापुरते समजू, की दूरच्या काळी हे जमले.

तो मीच का?

समजा, तुमच्या मेंदूची तंतोतंत नक्कल संगणकात सुरू झाली. तिला तुमचे लहानपण आठवते, तुमच्या आईच्या हातच्या सांदणांची चव आठवते, तुमची चूकही आठवते. ती म्हणते, "मीच तो." पण तुम्हीही अजून खुर्चीत बसलेले आहात. आता तुमच्यापैकी खरा कोण? आणि डॉक्टर म्हणाले, "काम झाले, आता खुर्चीतल्याला झोपेचे इंजेक्शन देऊ," तर तुम्ही हात पुढे कराल का?

ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली असाच एक दाखला दिला होता. त्यात माणसाची प्रत मंगळावर तयार होते आणि मूळ माणूस पृथ्वीवरच राहतो. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की 'तो मीच का' या प्रश्नाला आपण समजतो तितके महत्त्व नाही. आठवणी आणि स्वभाव पुढे चालू राहिला म्हणजे झाले. हा निष्कर्ष प्रामाणिक आहे, परंतु तो पटणे कठीण आहे. घरातल्या बाळाच्या जागी तंतोतंत तसेच दुसरे बाळ ठेवले, तर कोणती आई म्हणेल, "चालेल, फरक काय?" प्रेम गुणांच्या यादीवर जडत नाही. ते 'ह्या'च्यावर जडते. देव आपल्याला नावाने हाक मारतो, असे यशया संदेष्टा सांगतो तेव्हा त्याचा रोख याच दिशेला आहे.

दुसरा प्रश्न आहे जाणिवेचा. संगणकातील मनाला खरोखर काही जाणवते की ते फक्त जाणवल्यासारखे बोलते? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल १९८० पासून म्हणत आले, की नक्कल आणि अस्सल यांत गल्लत करू नका. हवामान खात्याच्या संगणकात मुसळधार पाऊस पडला म्हणून टेबलावरचे कागद भिजत नाहीत. हा युक्तिवाद जोरदार आहे. पण दुसरी बाजूही ऐकावी. संगणकाने केलेली बेरीज ही बेरजेची नक्कल नसते. ती बेरीजच असते. मोबाइलमध्ये साठवलेले भक्तिगीत वाजले की ते गीतच वाजते. मग मन हे पावसासारखे आहे की गीतासारखे? विज्ञान आज याचे उत्तर देऊ शकत नाही, आणि ख्रिस्तसभेनेही संगणकातल्या मनाविषयी अशी काही व्याख्या ठरवून दिलेली नाही. ती एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते, आणि ती नीट समजून घेणे आवश्यक आहे.

आत्मा म्हणजे पेन-ड्राइव्हमधली फाइल नव्हे

आपल्यातील बहुतेकांची आत्म्याविषयीची समजूत काय असते? शरीर म्हणजे सदरा, आत्मा म्हणजे तो घालणारा. सदरा जुना झाला की काढून टाकायचा. मयताच्या वेळी आपणच सांत्वन करताना म्हणतो, "हा फक्त देह आहे, खरा माणूस निघून गेला." ही भाषा भोवतालच्या संस्कृतीतून आपल्या अंगवळणी पडलेली आहे आणि तिच्यातला सांत्वनाचा हेतू चांगलाच आहे. परंतु जरा विचार करा. हे खरे असेल, तर संगणकवाल्यांचे काय चुकले? तेही तेच म्हणतात : शरीर म्हणजे जुने यंत्र, मन म्हणजे सॉफ्टवेअर, यंत्र बदला, सॉफ्टवेअर तेच. आपण भाविक आणि ते नास्तिक, पण माणसाविषयीची कल्पना दोघांची एकच!

बायबलची कल्पना ही नव्हे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. तिथे आलेला हिब्रू शब्द आहे 'नेफेश'. त्याचा मूळ अर्थ गळा, श्वास, जीव असा आहे. आणि मूळ वाक्याची ठेवण पाहावी : माणसाला नेफेश मिळाला असे तिथे म्हटलेले नाही, माणूस नेफेश झाला असे म्हटले आहे. मराठीत यासाठी 'आत्मा'पेक्षा 'जीव' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. आपला जीव भांड्यात पडतो, जीव कासावीस होतो, आपण कुणाला जीव लावतो, कुणासाठी जीव टाकतो. या जिवात रक्तही आले, भूकही आली, भीतीही आली. तो बाटलीतून बाटलीत ओतण्याजोगा पदार्थ नाही.

हीच गोष्ट ख्रिस्तसभेने तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडली. १३१२ साली फ्रान्समधील व्हिएन येथील विश्वपरिषदेने ठरवले, की आत्मा हा मानवी शरीराचे स्वरूप आहे. म्हणजे हे शरीर माझे, जिवंत, माणसाचे शरीर असते ते आत्म्यामुळेच. १९९२ च्या कॅटेकिझममध्येही (क्र. ३६५) हेच सांगितले आहे : देह आणि आत्मा या जोडून ठेवलेल्या दोन वस्तू नव्हेत, त्यांचे मिळून एकच मनुष्यत्व. संत थॉमस अक्वायनस तर करिंथकरांच्या पत्रावर भाष्य करताना याहून धीट विधान करतात. आत्मा हा माणसाचा एक भाग आहे, पूर्ण माणूस नव्हे. म्हणून केवळ माझ्या आत्म्याचे तारण झाले तर माझे तारण झाले असे म्हणता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. तेराव्या शतकातल्या या धर्मगुरूने आजच्या संगणकवाल्यांना आधीच उत्तर देऊन ठेवले आहे.

मृत्यूनंतर आत्मा टिकून राहतो ही आपली श्रद्धा आहेच. पण ते टिकणे ही वाट पाहण्याची अवस्था आहे. तो मुक्कामाचा गाव नव्हे.

इथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो खोडसाळ नाही. संत पौल स्वतःच म्हणतात, की पेरले जाते ते एक आणि उगवते ते दुसरे; दाणा जसाच्या तसा वर येत नाही. माझ्या देहातले अणू मातीत जाणार, तिथून झाडात, तिथून कुणाच्या ताटात. मग पुनरुत्थानाच्या दिवशी देव कशावरून मला घडवणार? इंग्लंडचे जॉन पोकिंगहॉर्न (१९३०-२०२१) हे आधी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पुढे अँग्लिकन धर्मगुरू झाले. त्यांनी सुचवले, की आत्मा म्हणजे माणसाची गुंतागुंतीची घडण किंवा नक्षी. मृत्यूनंतर देव ती आपल्या स्मरणात जपतो आणि नव्या सृष्टीत तिला पुन्हा देह देतो. हे सॉफ्टवेअरच्या कल्पनेच्या अगदी जवळ जाते, नाही का?

जवळ जाते, पण दोन ठिकाणी वाट वेगळी होते. एक, देवाच्या स्मरणातला माणूस हा साठवून ठेवलेला ऐवज नाही. आठवणारा त्याच्यावर प्रेम करतो आणि त्याच्या शंभर प्रती काढीत नाही. दुसरे, शेवट देहातच होतो. लूकच्या चोविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू शिष्यांसमोर उभा राहतो, तेव्हा ते घाबरतात. त्यांना वाटते, हे भूत आहे. प्रभू काय करतो? प्रवचन देण्याआधी तो खायला मागतो, आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खातो. आपण समुद्रकाठची माणसे. भाजलेल्या मासळीचा वास आपल्याला वेगळा सांगावा लागत नाही. आणि थॉमाला तो जखमा दाखवतो. नवे शरीर मिळाले, पण व्रण पुसले गेले नाहीत. ज्या शरीराने प्रेम केले, तेच ओळखीच्या खुणांसह उठले.

पश्चात्ताप आणि 'बॅकअप'

'डायस्पोरा'मधील नागरिकांपाशी एक सोय आहे. मनावर बसवता येणारे तयार 'दृष्टिकोन' तिथे मिळतात. गणिताची ओढ हवी? बसवा. दुःख सोसवत नाही? दुःख न वाटणारा दृष्टिकोन बसवा. वाचताना पहिल्यांदा हेवा वाटतो. व्यसनाशी झगडणारा आपला एखादा बांधव म्हणेल, "मला असे एक बटण द्या, बस्स!" आणि त्याला दोष देता येणार नाही.

पण याने होते काय? समजा, एकाने आपल्या भावाला फसवले. पुढे मन खाऊ लागले. त्याने यंत्रात फसवणुकीच्या आदल्या दिवशीची आपली प्रत सुरू केली. आता त्याला काही आठवत नाही, मन शांत. भाऊ मात्र फसवला गेलेलाच आहे. याला क्षमा म्हणायचे का? प्रायश्चित्त संस्कारात आपण आपले पाप स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि बाहेर पडतो तो तोच माणूस असतो, आठवणीसकट. पेत्राने तीनदा नाकारले आणि पुढे सरोवराच्या काठी प्रभूने त्याला तीनदाच विचारले. नाकारण्याची ती रात्र पुसून टाकली असती, तर त्या तीन प्रश्नांना अर्थच उरला नसता.

आणि दोन प्रतींचे काय? एका प्रतीने गुन्हा केला, दुसरी निर्दोष. पापाचा भार कुणावर? नवऱ्याच्या दोन प्रती झाल्या, तर बायकोचे लग्न कुणाशी? ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकांना यात पुढे भरपूर काम आहे. आपण ते त्यांच्यावर सोपवू.

संगणकातला वेठबिगार

अमर होण्याची गोष्ट निघाली की चर्चा नेहमी श्रीमंतांची होते. अर्थशास्त्रज्ञ रॉबिन हॅन्सन यांनी २०१६ साली या विषयावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला आणि वेगळाच प्रश्न विचारला : अशा मनांकडून काम कोण करून घेईल? त्यांचा हिशेब सरळ आहे. एका कुशल कामगाराचे मन एकदा उतरवले, की त्याच्या हजारो प्रती काढता येतील. मजूर इतके स्वस्त झाले, की मजुरी जेमतेम 'जिवंत' राहण्यापुरतीच, म्हणजे वीज आणि यंत्राच्या भाड्यापुरतीच उरेल. काही प्रती तासाभराच्या कामासाठी सुरू करायच्या आणि काम झाले की बंद करायच्या. हॅन्सन हे सारे फारसे न घाबरता लिहितात. आपल्याला मात्र घाबरायला हवे.

त्या प्रतीला काहीच जाणवत नसेल, तर ते एक यंत्र आहे आणि प्रश्न मिटला. पण जाणवत असेल तर? दुखते म्हणणारा खरेच दुखावला गेला आहे की नाही याची खात्री नसताना त्याला बंद करण्याचा अधिकार मालकाला कुणी दिला? ख्रिस्तसभेने अशा 'मनां'विषयी काहीही जाहीर केलेले नाही. त्यांना स्नानसंस्कार देता येईल का, या मुलांच्या आवडत्या प्रश्नाला आज सरळ उत्तर असे, की पाणी घालायला अंग लागते. पण दुबळ्याच्या बाजूने उभे राहण्यासाठी आधी त्याचे मनुष्यत्व सिद्ध झाले पाहिजे, अशी अट येशूने कधी घातली नाही. अमेरिका खंडातील आदिवासींना आत्मा आहे की नाही, यावर सोळाव्या शतकात वाद घालणारे ख्रिस्तीच होते. १५३७ साली पोप तिसरे पॉल यांना लेखी बजावावे लागले, की ते खरेखुरे मनुष्य आहेत आणि त्यांना गुलाम करता येणार नाही. हा इतिहास आपल्या लक्षात असावा.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या हक्कांवर 'रेरूम नोव्हारूम' हे विश्वपत्र काढले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेव्हा त्याचे कारण सांगताना त्या विश्वपत्राचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमापुढे उभ्या राहिलेल्या प्रश्नांचा उल्लेख केला. त्याआधी २८ जानेवारी २०२५ रोजी, संत थॉमस अक्वायनस यांच्या सणाच्या दिवशी, व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर 'आंतिक्वा एत नोवा' ही टिपण्णी प्रसिद्ध केली. मानवी बुद्धी ही देहात रुजलेली आहे आणि नातेसंबंधांत वाढते, हा तिचा एक मुख्य मुद्दा आहे.

मोबाइलमधला आवाज

दूरच्या काळाचे सोडून आता आजचे पाहू. २०२० साली दक्षिण कोरियाच्या एका दूरचित्रवाहिनीने एक कार्यक्रम दाखवला. लहान वयात वारलेल्या मुलीची संगणकीय प्रतिमा तयार करून तिची आणि आईची भेट घडवण्यात आली. आईच्या डोळ्यांवर यंत्र, हातांत खास मोजे. ती हवेत हात पुढे करते आणि रडते. पाहणाऱ्यांमध्ये दोन तट पडले. काहींना ते सांत्वन वाटले, काहींना क्रूर खेळ. आता तर मृताचे संदेश आणि आवाज देऊन त्याच्यासारखे बोलणारे सॉफ्टवेअर विकत मिळते.

आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलमध्ये गेलेल्या माणसाचा आवाज जपलेला असेल. तो जपावा, ऐकावा. त्यात गैर काही नाही. भिंतीवरच्या तसबिरीसारखीच ती आठवण आहे. पण त्या आवाजाने तुमच्या नव्या प्रश्नांना उत्तरे देऊ लागणे ही वेगळी गोष्ट. वडील गेल्यावर जमिनीच्या वाटणीबद्दल त्या यंत्राला विचारले आणि ते वडिलांच्या आवाजात बोलले, तर ते शब्द कुणाचे? वडील तर ते बोलले नाहीत. आणि जो आपल्याला कधी नाही म्हणत नाही, रागावत नाही, दुखावला जात नाही, तो आपला बाप नसतो. दुःखी माणसाच्या दुबळ्या क्षणी महिन्याची वर्गणी भरून विकली जाणारी ही वस्तू आहे, हेही विसरू नये.

आपण दफनभूमीत जातो, मूठभर माती टाकतो, नोव्हेंबरात मेणबत्ती लावतो. ती शांतता कधी कधी असह्य होते, कारण तिकडून उत्तर येत नाही. प्रार्थना हे त्या शांततेशी बोलणे आहे. मृतांसाठी आपण देवापाशी बोलतो, त्यांच्या नकलेशी नाही.

समूहातील चर्चेसाठी

या आठवड्यात आपापल्या वाडीतील प्रार्थनासमूहात वरील तीन वाचने मोठ्याने वाचावीत. मग यातिमाचा प्रसंग आपल्या दारात आणून पाहावा : दोन अनोळखी पाहुणे दारात उभे आहेत, आकाश जळणार असे सांगताहेत, आणि शरीर सोडून वाचण्याचा एकच मार्ग देताहेत. घरात आजारी आजी आहे, अंगावर पिणारे बाळ आहे. तुम्ही जाल का? बाळाला पाठवाल का? बुडत्याने नौकेत चढावे, तसे हे आहे, की नौकाच वेगळी आहे? यावर ख्रिस्ती माणसांचे एकमत होईलच असे नाही, आणि व्हायलाच हवे असेही नाही. आधी वयस्कर मंडळींना बोलू द्यावे, तरुणांनी नंतर. दृढीकरणाच्या वर्गातील मुलांनी आपापल्या समूहात झालेली चर्चा थोडक्यात लिहून पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर वर्गात आणावी.